देवीचा उजवा खांदा

माझं अक्षर चांगलं नाही आणि ऱ्हस्व-दीर्घाचं तर विचारूच नका. चौथी झाल्यावर हातात पेन आलं ते सही करायला, नाहीतर वाण्याची यादी करायला. तेव्हा हे चुकून कुणाच्या हाती लागलं तर चुका पोटात घाला. मी हे कुणाला दाखवायला लिहीत नाही. गेल्या महिन्यात नातीच्या शाळेत पालकसभा होती. तिथून डोकं तापवून घरी आले ते अजून उतरलं नाही, म्हणून लिहिते आहे.

सभेत एक सर बोलले. चांगले बोलले, हसतमुख माणूस. म्हणाले, मुलांना उत्तरं पाठ करायला लावू नका, प्रश्न विचारायला शिकवा. उत्तरापेक्षा प्रश्न मोठा असतो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, सूनबाईनेही वाजवल्या. मी मागच्या बाकावर बसले होते. माझ्या मनात आलं, सर, कोणता प्रश्न तेही सांगा. कुणी विचारायचा, मोठ्याने विचारायचा का मनातल्या मनात, आणि विचारल्यावर मागून जी थप्पड बसते तिचं काय करायचं, ते पण सांगा. शेवटी सर म्हणालेच, "कुणाला काही विचारायचंय?" मी खाली फरशीकडे बघत बसले. बाहेर आल्यावर सूनबाई म्हणाली, "आई, तुम्हाला काही बोलायचं होतं का? सारख्या चुळबुळत होता." मी म्हणाले, "छे, पाय आखडले होते."

आमचं गाव आंदर मावळातलं, डोंगराच्या कुशीत. एसटी खालच्या गावापर्यंत यायची, तिथून पुढे चालत. घर गवताने शाकारलेलं. अर्ध्यात माणसं आणि अर्ध्यात गुरं, मध्ये एक कुडाची भिंत. म्हशीने रात्री कूस बदलली तरी आम्हाला समजायचं. पहाटे आधी जात्याची घरघर, मग आईच्या हातावरच्या भाकरीचा थप थप आवाज. तांदळाची भाकरी, हुलग्याचं माडगं, चुलीत भाजलेला बोंबील. भाताच्या कोंड्याचा वास घरात बारा महिने असायचा. हवा थंड आणि कोरडी असली की लांबून कान्हे स्टेशनाकडच्या गाडीची शिट्टी वरपर्यंत ऐकू यायची. मी भाकरी हातात तशीच धरून ऐकत बसायचे. आई म्हणायची, "खा की. गाडी काय तुला न्यायला आली न्हाई."

मी तेव्हाही लाजाळूच, पण माझ्या मनात प्रश्न फार असायचे. पाणी पाट सोडून बांधावर का चढत नाही. आपण बैलाला नाव ठेवतो, मग बैल आपल्याला काय म्हणत असेल. असले. विचारलं की आई म्हणायची, "तुला काय करायचंय?" हे तिचं सगळ्या प्रश्नांना एकच उत्तर होतं. आबा, म्हणजे माझे वडील, ते उत्तर द्यायचे नाहीत आणि रागवायचेही नाहीत, नुसते हसायचे. त्या हसण्याचा मला जास्त त्रास व्हायचा.

आमच्या गावात जाखमातेला कौल लावायची रीत होती. गावात गुरव नव्हता, पूजा आमच्याच भावकीत पाळीने चालायची, आणि कौल लावायचा मान माझ्या थोरल्या चुलत्यांचा. त्यांना सगळे भाऊ म्हणायचे. वैशाखातल्या एका मंगळवारी सकाळी गाव देवळात जमायचं. देवीची मूर्ती म्हणजे शेंदूर लावलेला उभा दगड, पण खांदे स्पष्ट. भाऊ तांदळाचे दोन दाणे पाण्यात भिजवून एक देवीच्या उजव्या खांद्यावर लावायचे, एक डाव्या. मग ज्याचं काम असेल त्याने हात जोडून उभं राहायचं. भाऊ मोठ्याने प्रश्न घालायचे, आणि त्याने तोच प्रश्न मनात धरायचा. उजवा दाणा आधी पडला तर देवी हो म्हणाली, डावा पडला तर नाही. सोयरीक, म्हशीची खरेदी, नवं घर, सगळं असं विचारून.

मी सात वर्षांची असेन. असाच मंगळवार होता, देऊळ भरलेलं, दाणा कधी पडतो म्हणून सगळे श्वास धरून. त्या शांततेत माझ्या तोंडून गेलं, "भाऊ, उजवा म्हंजी देवीचा उजवा का आपला?" कारण आपण देवीसमोर उभे, तिचा उजवा तो आपला डावा. मला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. भाऊ म्हणाले, "देवीचा." लगेच भिंतीला टेकून बसलेले एक म्हातारे म्हणाले, "तुजा बा तर आपला उजवा धरायचा, मी डोळ्यानं बघितलंय." "आमचा बा न्हाई धरायचा." "धरायचा." झालं. दोन वर्षांमागे खालच्या वावरात विहीर घेऊ का म्हणून कौल लावला होता. तेव्हा उजवा पडला म्हणून तीन माणसं दोन महिने खणत बसली होती आणि पाण्याऐवजी काळा कातळ लागला होता. म्हातारे म्हणाले, "मंजी हिर उलट्या कौलावर खांदली म्हना की!" बायका पदर तोंडात धरून हसल्या. पुरुषमंडळी तर हसून लोळली. भाऊंचं तोंड शेंदरासारखं झालं.

घरी आल्यावर आईने मला चुलीपुढून हाताला धरून उठवलं आणि मारलं. आई मारकुटी नव्हती. तिला दिरापुढे मान खाली घालावी लागली होती. "चारचौघांत तोंड उघडशील पुन्यांदा?" आणि गावाने माझं नाव वकिलीण ठेवलं. पाणवठ्यावर गेले की कुणीतरी हमखास म्हणायचं, "वकिलीणबाई, हंडा देवीच्या उजव्या हातानं उचलू का आपल्या?" एका प्रश्नाची किंमत म्हणून हे पुष्कळ झालं. त्यानंतर मी माणसांत विचारणं सोडलं. मनात मात्र चालूच होतं, ते काही आपल्या हातात नसतं.

ही गोष्ट ऐकून न हसलेलं माणूस एकच. आमच्या शाळेच्या बाई. वयाने विशीतल्या, कान्ह्याहून यायच्या, अर्धं एसटीने आणि अर्धं चालत, पायात रबरी चपला आणि खांद्याला पिशवी. दुपारी आमच्या ओटीवर डबा खायच्या. कुणीतरी त्यांना वकिलिणीची गोष्ट रंगवून सांगितली तेव्हा त्या घास हातात धरून म्हणाल्या, "पण प्रश्न बरोबर आहे की. ठरवायला नको का आधी?" मी दाराआड होते. आनंदाने मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

चौथीनंतर गावात शाळा नव्हती. चौथीची परीक्षा झाली त्या आठवड्यात बाई आबांशी बोलायला आल्या. म्हणाल्या, "सुगंधाला पाचवीला माझ्याकडे कान्ह्याला ठेवा. घरात मी आणि माझी आई, दोघीच आहोत. शाळा जवळ आहे. खर्चाचं बघू." त्यांनी सोबत निळ्या स्कर्टचं कापड, ब्लाउजचं पांढरं कापड आणि दोन वह्या आणल्या होत्या. सगळे मिळून सतरा रुपये झाले होते. आई कापडावरून हात फिरवत होती, पण म्हणाली, "बाई, धाकटा अजून अंगावर पितोय. मी लावणीला गेले की त्याला कोन बघंल?" आबा काही वाईट माणूस नव्हते. त्यांनी बराच वेळ तंबाखू मळली आणि म्हणाले, "देवीला इचारू."

बाई चिडल्या. "देवीला कशाला? तिला विचारा की. ती इथे बसली आहे."

आबा हसले. "तिला काय इचारायचं बाई? ती बोलती व्हय?"

जाताना बाईंनी मला बांधापर्यंत सोबत नेलं. म्हणाल्या, "कुणी विचारलं तर एवढंच सांग, मला शिकायचंय. दोन शब्द. म्हणून दाखव." मी म्हणाले. "मोठ्याने." मी मोठ्याने म्हणाले. बांधावरचा बगळा उडाला. बाई म्हणाल्या, "बघ, जमतं."

तो मंगळवार मला आजही दिसतो. देवळात गारवा होता, समईचं तेल आणि ओल्या दगडाचा वास. माझ्या आधी कुणाच्या तरी बैलजोडीचा कौल झाला. मग भाऊंनी मला पुढे बोलावलं. दाणे लावले. आबा माझ्या शेजारी, आई बायकांत, धाकटा तिच्या कडेवर. भाऊंनी मोठ्याने प्रश्न घातला, "आई जाखमाते, पोरगी घरातच ऱ्हायली तर घराचं बरं हुईल का? हुत आसंल तर उजवा दे." आणि माझ्याकडे वळून, "त्येच मनात धर."

मी ते धरलं नाही. पोरगी पाचवीला गेली तर बरं होईल का, असंही विचारता आलं असतं की! देवी तीच, पोरगी तीच, दाणे तेच. पण असं विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, आणि माझ्या डोक्यात आलं ते बोलायची सोय नव्हती. मी हात जोडले, डोळे मिटले आणि माझा प्रश्न घातला. आई, मी पाचवीला जाऊ का? जाऊ का? जाऊ का? भाऊंचा प्रश्न कानावर पडू नये म्हणून मी तो मनात ओरडून विचारत होते.

दाणा पडल्याचा आवाज येत नाही, लोकांचा श्वास सुटतो तो ऐकू येतो. डोळे उघडले. उजवा.

आधी मला इतका आनंद झाला की पाय जमिनीला लागेनात. देवी मला हो म्हणाली होती. आणि त्याच वेळी मागे बायका म्हणत होत्या, "ठरलं बाई, पोरगी घरी. देवीच्याच मनात न्हाई." दाणा एक पडला होता, प्रश्न दोन होते, आणि त्यातला एक कुणी ऐकलाच नव्हता.

आबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्यांचा चेहरा सुटल्यासारखा झाला होता. मग त्यांनी, काय वाटलं कोण जाणे, मला विचारलं. सगळ्यांसमोर, मायेने विचारलं. "सुगे, तुझ्या मनात बी हेच व्हतं न्हवं?"

पुष्कळ वर्षं मी लोकांना, म्हणजे मनातल्या लोकांना, सांगत आले की मला कुणी विचारलंच नाही. ते खोटं आहे. आबांनी विचारलं होतं. सगळं देऊळ माझ्याकडे बघत होतं, भाऊ बघत होते, आईच्या डोळ्यांत ती जुनी थप्पड होती. दोन शब्द ओठापर्यंत आले होते. पण ते बोलायचे तर हेही सांगायला लागणार, की मी देवीपुढे दुसराच प्रश्न धरला, कौल बाटवला. पुन्हा वाद, पुन्हा हसू, पुन्हा वकिलीण.

मी मान हलवली. हो म्हणून.

दुसऱ्या दिवशी आबा कापड आणि वह्या घेऊन शाळेत गेले आणि तसेच परत घेऊन आले. बाई म्हणाल्या होत्या, "कापलेलं कापड दुकानदार घेत नाही, राहू द्या." आबा म्हणाले होते, "पैसे देऊन टाकीन." ते राहिले ते राहिलेच. त्या निळ्या कापडाचा आईने मला परकर शिवला, आणि तो नेसून मी त्या वर्षी लावणीला उभी राहिले. गुडघ्यापर्यंत चिखल, परकर खोचलेला, निळा रंग दोन आठवड्यांत मातीचा झाला. एक वही धाकट्याने फाडली. दुसऱ्या वहीत भाऊंनी देवीच्या पूजेच्या पाळ्या लिहिल्या. बाई ओटीवर डबा खायला पुन्हा आल्या नाहीत. मी रोज दुपारी तांब्या भरून ठेवायचे. मग ठेवायचं सोडलं.

लग्न होऊन लोणावळ्याला आले आणि चिक्कीच्या कारखान्यात लागले. तापलेला गुळाचा पाक, त्याचे कापलेले चौकोन गार व्हायच्या आत कागदात गुंडाळायचे, बोटांची टोकं कायमची भाजलेली. बाजूच्या बायका दिवसभर बोलायच्या, मी ऐकायचे. पहिल्या पगारातले दहा रुपये मी कान्ह्याला जाणाऱ्या दूधवाल्याबरोबर बाईंना पाठवले. निरोप आला, पोचले. सात राहिले. पुढच्या महिन्यात देता आले असते. दिले नाहीत. ते फेडले असते तर बाईंकडे जायला कारण उरलं नसतं. आणि कारण ठेवून तरी काय केलं? तळेगावला जाताना लोकल कान्ह्याला थांबायची, मी खिडकीतून स्टेशनामागची घरं बघायचे, गाडी सुटायची. असं किती वेळा झालं ते मोजायची लाज वाटते.

इथपर्यंत लिहिलं आणि वही मिटली. तीन दिवस उघडली नाही. कागदावर विचारून काय होतंय, हे पण मनात धरल्यासारखंच. चौथ्या दिवशी सूनबाईला सांगितलं, तळेगावला जाऊन येते, आणि कान्ह्याला उतरले.

बाईंचं घर सापडलं. दारात तुळस, बाई खुर्चीत, शेजारी काठी. केस पांढरे, पण बसणं तसंच ताठ. "कोण?" म्हणाल्या.

"मी सुगंधा."

"कोणती सुगंधा? चार-पाच होत्या."

"देवीचा उजवा का आपला, ती."

बाई हसायला लागल्या. हसता हसता खोकला आला, पाणी प्यायल्या. "वकिलीण! ये, बस. चहा ठेव, मला उठवत नाही आता. साखर वरच्या फळीवर."

चहा ठेवता ठेवता मी पाठमोरी बोलले. समोर बघून जमलं नसतं. भाऊंचा प्रश्न, माझा प्रश्न, एकच दाणा, आबांचं विचारणं, माझी मान, सगळं सांगितलं. जन्मात पहिल्यांदा तो प्रश्न मी मोठ्याने म्हणाले, "मी पाचवीला जाऊ का?" चौसष्ट वर्षांच्या बाईने कुणाच्या तरी ओट्यापुढे उभं राहून असं म्हणायचं, मला माझंच विचित्र वाटलं. मग मी विचारलं, "बाई, तुम्ही पुन्हा का नाही आलात?"

"बदली झाली ना माझी."

"ती दोन वर्षांनी झाली."

बाई काठीची मूठ घासत म्हणाल्या, "तुझे आबा म्हणाले, पोरीलाच विचारलं, तिनेच मान हलवली. मला राग आला. वाटलं, बांधावर आपल्यासमोर एक बोलली आणि तिकडे भलतंच. म्हटलं, जिला नको तिच्यासाठी मी का भांडू?" मग म्हणाल्या, "तुला बोलावून विचारायला हवं होतं. शाळेपासून दोन पावलांवर तर घर होतं तुमचं."

"आणि मी सांगितलं असतं का?"

"ते मला काय माहीत!" बाई एकदम तापल्या. "तेव्हाही मला माहीत नव्हतं आणि आताही नाही. तू सांग."

मलाही माहीत नव्हतं. चहा उतू गेला तो मी पुसला. इतक्या वर्षांनी प्रश्न विचारला, उत्तर मिळालं, खरं उत्तर मिळालं. पण त्याचं मी करू काय? त्याने पाचवी येत नाही. सरांच्या सभेत कुणी हात वर करून मला विचारलं असतं, प्रश्न मोठा का उत्तर मोठं, तर मी म्हणाले असते, कोणतंही असो, वेळेत यायला पाहिजे हो. आणि ऐकणारा समोर पाहिजे. पण एक सांगते, न उतरता, न विचारता परत आले त्या खेपांपेक्षा परवा परतीच्या गाडीत मी बरी बसले. रागच होता, पण तो आता कुणावर आहे ते कळत होतं. अर्धा माझ्यावर, बाकीचा वाटून.

चहा झाल्यावर मी कनवटीची पिशवी सोडली आणि नाणी काढली. मला वाटलं बाई म्हणतील, वेडी का तू, ठेव. त्या तसं म्हणाल्या नाहीत. हात पुढे केला. मी एकेक रुपया त्यांच्या तळहातावर ठेवत गेले आणि त्या वर्गात मोजायच्या तशा मोठ्याने मोजत गेल्या. सात झाल्यावर मूठ मिटली.

"आधीचे दहा आणि हे सात?"

"सतरा."

"फिटले सगळे?"

मान हलायला लागली होती, ती मी आवरली.

"हो," मी म्हणाले, "फिटले."